न विचारता वाढलेले ताट

रमजानच्या महिन्यात इजिप्तला जाऊ नका, असा सल्ला प्रवास ठरवून देणारी मंडळी देतात. त्यांची कारणे खोटी नाहीत. दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात, संग्रहालये लवकर दारे लावतात, बँका दुपारी दीडच्या सुमारासच ग्राहकांना रामराम करतात आणि सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात टॅक्सी मिळवणे म्हणजे देव भेटण्याइतकेच अवघड. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये मी आणि सौ. पाच आठवडे कैरोत होतो. भाचा नोकरीनिमित्त तिथे असतो, दोक्की भागात त्याचे बिऱ्हाड आहे आणि त्याच्या सवडीचा तोच काळ होता. वरच्या सगळ्या गैरसोयी आम्ही पुरेपूर भोगल्या. तरीही माझे मत नेमके उलटे बनले आहे. परक्या माणसाने मुसलमानी शहर पाहायचे तर ते रमजानमध्येच पाहावे. पिरॅमिड बाराही महिने जागेवर असतात. एरवी शहर प्रवाशापुढे आपला माल मांडून बसते. या महिन्यात ते स्वतःच्या कामात गुंतलेले असते, आणि कामात गुंतलेल्या माणसाचाच खरा स्वभाव कळतो.

आधी तिथीचा हिशेब सांगतो, कारण त्यावाचून पुढचे नीट उमगणार नाही. आपले महिनेही चंद्राचेच. पण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी आपण एक अधिक मास घालतो आणि चंद्राची सूर्याशी तडजोड करून घेतो. म्हणून दिवाळी पावसाळा संपल्यावरच येते. इस्लामी पंचांगाने ही भर घालणे नाकारले. त्यांचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा मूळ जागी पोहोचतो. पंधराव्या वर्षी रोजे धरू लागलेला माणूस पासष्टीला येईतो उन्हाळ्याचे सोळा तासांचे रोजेही धरतो आणि थंडीतले आखूडही. सोयीचा महिना निवडण्याची मुभा कोणालाच नाही. रमजान ऐन उन्हाळ्यात आला तेव्हा, २०१० आणि २०१४ साली, इजिप्तच्या सरकारने त्या महिन्यापुरती उन्हाळी वेळ रद्द करून देशभरची घड्याळे एक तास मागे घेतली होती. तेवढाच सूर्यास्त लवकर! रोज्याचे तास काही त्याने कमी होत नाहीत. पण मनाला बरे वाटते.

आम्ही होतो त्या वर्षी रोजा साडेतेरा ते सव्वाचौदा तासांचा होता. पहिला रोजा ११ मार्चचा. योगायोग असा, की इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्वीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास त्याच सोमवारी सुरू झाला. त्यांच्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कॉप्टिक कुटुंब होते. तळमजल्यावर बव्वाब, म्हणजे इमारतीचा राखणदार, आपल्या बायकोमुलांसह राहत असे. जिन्यात भेट झाली की दोघे एकमेकांना शुभेच्छा देत; एकाचा उपवास उन्हे उतरेपर्यंतचा, दुसऱ्याचा ताटातल्या पदार्थांचा.

सौ.ची आणि त्या राखणदाराच्या बायकोची गट्टी जमली. दुभाष्या अर्थातच भाचा. आमच्याकडेही उपवास असतात, असे सौ.ने अभिमानाने सांगितले. मग काय खाता, असा प्रश्न आला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, केळी, दूध... भाचा यादी सांगत गेला तशी त्या बाईंच्या चेहऱ्यावरची उत्सुकता वाढत गेली. शेवटी त्यांनी अतिशय सरळ मनाने विचारले, ‘‘मग सोडता काय?’’ एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण अरबीत कशी सांगावी, हे भाच्याला सुचेना. सौ.ने मात्र हार मानली नाही. ‘‘सांग त्यांना, हरतालिकेला आम्ही दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाही.’’ त्यावर त्या बाईंनी सौ.चा हात हातात घेतला. तेथून पुढे दोघींना दुभाष्याची फारशी गरज पडली नाही.

आणि खरे सांगायचे तर दुप्पट खाशीचा टोला तिथेही लागू आहे. ज्या महिन्यात दिवसा खायचे नाही, त्याच महिन्यात घरोघरचा वाणसामान-खर्च वाढतो. नाजूक शेवयांसारख्या तारांचा कुनाफा, आणि फक्त याच महिन्यात दुकानादुकानांतून दिसणारे, आत सुकामेवा भरून तळलेले, पाकात बुडवलेले कतायेफ. जर्दाळूच्या पोळीचे सरबत असते, तसे चिंचेचेही. चिंचेला तिथे ‘तमर हिंदी’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर! इंग्रजीतला टॅमरिंड त्यातूनच निघाला. आपल्या अंगणातली चिंच नाव बदलून परक्या शहरात दिवसभराची तहान भागवताना पाहून सौ.ला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. रात्री तासन्‌तास दूरदर्शन मालिका, त्यांत जाहिरातींचा मारा. आणि हा सगळा स्वयंपाक करते कोण? जिचा स्वतःचाही रोजा आहे ती घरातली बाई. दुपारी तीनपासून ती चुलीशी उभी असते आणि पानावर सगळ्यांच्या शेवटी बसते. हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. ते तिकडे आहे म्हणून पवित्र ठरत नाही आणि इकडे आहे म्हणून क्षम्यही ठरत नाही.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका ताटाविषयी.

सूर्यास्ताला अर्धा तास उरला की कैरो अक्षरशः घराकडे धावत सुटते. नाईलवरच्या सहा ऑक्टोबर पुलावर मोटारी एकमेकींना खेटून उभ्या राहतात, भोंगे वाजतात, उपाशी माणसांचे आवाज चढतात. मग सलादिनने बांधायला घेतलेल्या किल्ल्यावरची तोफ होते. मधली बरीच वर्षे गप्प असलेली ही प्रथा २०२१ साली पुन्हा सुरू झाली. तोफेचा आवाज रेडिओवरूनही येतो, मागोमाग बांग, आणि पुढच्या पाच मिनिटांत दीड-दोन कोटींच्या वस्तीच्या त्या महानगरात असा शुकशुकाट पसरतो, की दूरच्या मांजराचे म्याव ऐकू यावे. ज्यांना घरी पोहोचता आले नाही त्यांच्यासाठी चौकाचौकांत पोरे उभी असतात. हातात खजूर, सरबताच्या पिशव्या. थांबलेल्या प्रत्येक मोटारीच्या खिडकीतून ती आत दिली जातात. आमच्या टॅक्सीवाल्याने मिळालेले तीन खजूर आधी आमच्यापुढे धरले. आम्ही मुसलमान नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आणि गल्लीबोळांत, मशिदींच्या कडेला, पुलांच्या खाली मांडलेली असतात ‘माइदत अर-रहमान’, म्हणजे दयाळू परमेश्वराची ताटे. लाल-निळ्या नक्षीच्या कापडाची कनात, आत लांबच लांब टेबले, बाकडी. भात, पावटी किंवा तसलीच एखादी रस्साभाजी, कोंबडीचा तुकडा, रोटी, लोणचे, खजूर. ही पद्धत नवव्या शतकातल्या इब्न तुलून या राज्यकर्त्याने सुरू केली, असे कैरोतले लोक सांगतात. खर्च कधी एखादा व्यापारी करतो, कधी मशीद, कधी गल्लीतली चार घरे मिळून. कॉप्टिक ख्रिश्चनांनी मांडलेली ताटेही असतात. जेवायला बसतात ते हमाल, रिक्षावाले, खेड्यातून आलेले मजूर, सुदानमधल्या युद्धातून निसटून आलेली कुटुंबे, आणि उशीर झालेला एखादा कारकूनही. महत्त्वाची गोष्ट ही की कोणी कोणाला काही विचारत नाही. नाव नाही, गाव नाही, धर्म नाही.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. माझे सारे आयुष्य विचारण्यात गेले. उत्पन्नाचा दाखला कुठे आहे? जामीनदार कोण? मागचे कर्ज फेडले का? सही जुळत नाही, पुन्हा करा. विचारणे हा बँकेचा धर्मच आहे आणि तो चुकीचा नाही. लोकांच्या ठेवी सांभाळायच्या तर विचारलेच पाहिजे. पण त्या सवयीचा एक परिणाम असा होतो, की न विचारता काही देता येते ही कल्पनाच मनातून पुसली जाते. सय्यदा झैनब या जुन्या वस्तीत पत्र्याचे आणि रंगीत काचांचे कंदील पाहत आम्ही हिंडत होतो, तेव्हा एका कनातीतून म्हाताऱ्या गृहस्थांनी हाताला धरून आम्हाला आत नेले आणि बाकावर बसवले. ‘‘हे गरिबांसाठी आहे, आम्ही कसे बसणार?’’ असे मी भाच्याकरवी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, ‘‘ताट माझे नाही, रहमानचे आहे. मी फक्त ताटे नेऊन ठेवतो. कोणासाठी आहे, हे तुम्ही आणि मी ठरवणारे कोण?’’

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. आषाढीच्या वाटेवर गावेच्या गावे वारकऱ्यांना जेवू घालतात आणि सगळेच ‘माउली’ असल्यामुळे नाव विचारण्याची गरजच पडत नाही. फरक एवढाच, की तिथे रोज सूर्यास्ताला, महिनाभर, एका अवाढव्य राजधानीत हे घडते.

यात हळवे होण्यासारखे पुष्कळ आहे, पण हळवे होऊन भागणार नाही. कारण २०२४ चा रमजान साधा नव्हता. तो सुरू होण्याआधी पाच दिवस, ६ मार्चला, इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या पाउंडाचा हात सोडला. एका डॉलरला सुमारे एकतीस पाउंड मिळत, ते काही तासांत पन्नासच्या घरात गेले. त्याच दिवशी व्याजदर सहा टक्क्यांनी वाढून बँकांच्या ठेवींसाठीचा दर २७.२५ टक्क्यांवर पोहोचला. महागाईने तर आदल्या सप्टेंबरात ३८ टक्क्यांचा उच्चांक गाठलाच होता. हे आकडे वर्तमानपत्रातले. पण माझ्यासारख्याला खरा निर्देशांक सापडला तो धर्माच्या खात्यात. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, गरिबाला फित्रा द्यावा लागतो. मूळ हिशेब ठरावीक मापाच्या धान्याचा; त्याची किमान रक्कम ‘दार अल-इफ्ता’ ही धर्मनिर्णय देणारी संस्था दर वर्षी जाहीर करते. २०२२ साली ती १५ पाउंड होती, २०२३ साली ३०, आणि २०२४ साली ३५. दोन वर्षांत दुपटीहून जास्त! कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाच्या आलेखापेक्षा हे तीन आकडे मला जास्त बोलके वाटले.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहत. गल्लीतल्या आणखी तिघांबरोबर तेही दर वर्षी कोपऱ्यावरच्या ताटांचा खर्च उचलत. त्या वर्षी कोंबडी एक दिवसाआड झाली, मग बाकडी कमी झाली. शिक्षक रोज वाढायला मात्र येत. वाढून झाले की हात धुऊन घरी जात. एकदाही तिथे बसले नाहीत. भाचा म्हणाला, ‘‘मामा, घरीही फार काही शिजत नसणार.’’ काल जो यजमान होता त्याला आज त्याच पंगतीत बसता येत नाही. गरिबाला मागण्याची सवय असते असे नाही. पण नव्याने गरीब झालेल्या मध्यमवर्गीयाला तर मागण्याचे शब्दच ठाऊक नसतात. आपल्याकडच्या चाळींनी गिरणी संपानंतर हे पाहिले आहे.

मग एका रात्री जिन्याखाली एक खोका दिसला. तांदूळ, तेल, साखर, मॅकरोनी, चहा, खजूर असा शिधा भरलेले हे ‘रमजानचे खोके’ कैरोत घरोघर वाटले जातात. राखणदाराला मी सहज विचारले, ‘‘कोणाचा?’’ तो म्हणाला, ‘‘ज्याचा आहे त्याचा.’’ आणि तो खांद्यावर घेऊन वर गेला. दाराशी ठेवला असेल, घंटा वाजवली नाही एवढे नक्की, कारण आम्ही ऐकत होतो. कोणत्या मजल्यावर पावले थांबली ते आम्हाला कळले. आम्ही तिघेही त्याविषयी पुढे काही बोललो नाही. न विचारता देण्याची ही दुसरी, अधिक अवघड रीत: घेणाऱ्याला कोणी पाहिले नाही असे वागणे.

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दानाने राज्य चालत नाही. इजिप्तमध्ये शिधापत्रिकेवरची रोटी १९८८ पासून पाच पियास्तरांना मिळत होती. आम्ही परतल्यावर, १ जून २०२४ पासून, ती वीस पियास्तरांची झाली. एका फटक्यात चौपट! वर्षातला एक महिना चौकाचौकात ताट असते. उरलेल्या अकरा महिन्यांचे काय, हा प्रश्न सरकारलाच विचारला पाहिजे आणि तिथे मात्र विचारण्यात कसूर करता कामा नये. माणसाने माणसाला न विचारता द्यावे; सरकारने मात्र पै न् पैचा हिशेब द्यावा. आपण नेमके उलट करतो. सरकारला काही विचारत नाही आणि दारात आलेल्याला सतरा प्रश्न विचारतो.

१९८८ सालचे नोबेल मिळालेले नगीब महफूज याच शहराच्या गमालिया वस्तीत जन्मले. जन्मभर सरकारी नोकरी करत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली काही वर्षे धर्मादाय खात्यात. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माझ्यासारख्या लहान लेखकाला त्यांचा आधार वाटतो. त्यांच्या ‘खान अल-खलीली’ या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या भीतीने एक कुटुंब हुसेन मशिदीजवळ राहायला येते. त्या मशिदीभोवती मध्यरात्री मी हिंडलो, तेव्हा दुसऱ्या एका युद्धाची सावली शहरावर होती. ऑक्टोबर २०२३ पासून शेजारच्या गाझात युद्ध चालू होते. तोफ झाल्यावर पहिला घास घेण्याआधी लोक त्यांचे नाव घेत. सण साजरा करावा की नाही, अशी कुजबुज होती. तरी दिवे लागलेच. दुःखात दिवा लावू नये असे कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही.

८ एप्रिलच्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली नाही, म्हणून तीस रोजे पुरे झाले आणि बुधवारी १० तारखेला ईद आली. चंद्राच्या या लहरीशी माझी जुनी ओळख आहे. ईदची सुट्टी अमुक दिवशी, पण चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो, असे परिपत्रक आले की आमच्या शाखेत कोणाची रजा, कुठला धनादेश कधी वटणार, यावर खल चाले. कैरोत सगळे शहर तो खल आनंदाने करत होते. पिठीसाखर भुरभुरलेल्या ‘कहक’ नावाच्या बिस्किटांचा वास जिन्यात भरून राहिला होता. आणि दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे नव्या नोटा! ईदला मुलांना ‘ईदिया’ द्यायची ती कोऱ्या करकरीत नोटांची. आपल्याकडे दिवाळीआधी ओवाळणीसाठी जशी बँकेत रांग लागते, तशीच तिथे. दहा आणि वीस पाउंडाच्या नव्या प्लॅस्टिकच्या नोटा तर चुरगळतही नाहीत. मुलांना त्यांचे फार कौतुक.

पहाटे मोहंदिसीनमधल्या मुस्तफा महमूद मशिदीपुढचा चौक नमाजाला भरून गेला. नमाज संपताच रंगीत फुगे उधळले गेले आणि हजारो मुले एकदम ओरडली. कोणी तिथून थेट कबरस्तानात गेले. सणाच्या दिवशी आधी आपल्या माणसांच्या कबरींपाशी जायचे आणि तिथे गोड पाव वाटायचे, ही तिकडची रीत. मुलांचे आवडते गिझाचे प्राणिसंग्रहालय २०२३ पासून डागडुजीसाठी बंद होते, म्हणून सगळी गर्दी नाईलवरच्या होड्यांत. राखणदाराच्या मुलीने सौ.साठी कहकची बशी आणली, सौ.ने तिला वीसची कोरी नोट दिली. निवृत्त शिक्षकही नवा सदरा घालून आले. मला मिठी मारून म्हणाले, ‘‘दर वर्षी या.’’

परक्याच्या सणात पाहुण्याने कसे वागावे, याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. हौस म्हणून एखादा रोजा धरण्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्याची निष्ठा हा आपल्या प्रवासवर्णनाचा मालमसाला नव्हे. दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नये. बोलावले तर बसावे, नाही म्हणून यजमानाला हिणवू नये. उठताना मशिदीच्या दानपेटीत आपला वाटा गुपचूप टाकावा. आणि ताटावर बसलेल्या माणसाचे छायाचित्र कधीही काढू नये. कैरोतल्या कनातीत परदेशी कॅमेरा वर झाला की जेवणारे मान फिरवतात, ते मी पाहिले आहे. त्यांना न विचारता वाढले जाते ते त्यांची मान राहावी म्हणून. ती मान आपण उतरवायची नसते.

यासाठी समुद्र ओलांडायलाच हवा असे नाही. रमजानच्या रात्री मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यावर मालपुवा खायला आपण मराठी माणसे मोठ्या हौसेने जातो. जरूर जावे, मालपुवा उत्तमच असतो. पण एखाद्या दिवशी रात्री दहाऐवजी सूर्यास्ताच्या थोडे आधी जाऊन उभे राहावे. तिथेही कोणीतरी हातावर खजूर ठेवील आणि तुमचे नाव विचारणार नाही.